अक्षर दिसणे आणि अक्षर असणे

गेल्या पावसाळ्यात मराठीच्या पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीला आम्ही एक लेख धाडला. ती मंद्रूपला राहते. सोलापूरहून विजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, दक्षिण सोलापूर तालुक्यातले हे गाव. आणखी पुढे गेले की भीमा लागते आणि भीमेपलीकडे कर्नाटक. ती जन्मतः अंध आहे. रोज वर्गाला येणे तिला जमत नाही, म्हणून वाचनसाहित्य फोनवर पाठवण्याचा रिवाज पडला होता. लेख एका जुन्या वाङ्मयीन नियतकालिकातला, चाळीसेक पानांचा, कोणीतरी कष्टाने स्कॅन करून ठेवलेला. दोन तासांनी तिचा फोन आला. "सर, फाइल उघडली. पण फोन नुसतं 'पान एक, पान दोन' म्हणतोय. आत काही लिहिलेलं आहे ना?"

आमच्या पडद्यावर ती पाने स्वच्छ दिसत होती. कागदाचा पिवळेपणा, समासातली कोणा वाचकाची पेन्सिलीची खूण, खिळ्यांच्या छपाईत उडालेला एखाद्या वेलांटीचा तुकडा, सगळे जसेच्या तसे. आणि तरीही तिच्या प्रश्नाचे खरे उत्तर 'नाही' असेच होते. त्या फाइलमध्ये एकही अक्षर नव्हते. चाळीस छायाचित्रे होती. डोळस माणसाला हा फरक जाणवत नाही, कारण त्याचे डोळे छायाचित्रातूनही अक्षर उचलतात. प्रस्तुत लेख त्या एका प्रश्नातून निघाला. अंध वाचक महाजालावर कसा वावरतो, आणि मराठी अक्षराला त्याच्यापर्यंत पोहोचायला इतका उशीर का लागला, याचा मागोवा घेताना जे हाती आले ते साहित्याच्या अभ्यासकांपुढे ठेवावेसे वाटते. त्या उशिरात आपलाही वाटा आहे.

प्रथम वावरण्याविषयी. डोळस माणसांचा एक समज असा असतो की अंध व्यक्तीचा संगणक पान वरपासून खालपर्यंत वाचून दाखवतो आणि ती व्यक्ती ते मुकाट ऐकत बसते. आमचाही तोच होता. प्रत्यक्षात असे कोणी वाचत नाही, जसे आपण शब्दकोश पहिल्या पानापासून वाचत नाही. स्क्रीन रीडर नावाची जी प्रणाली असते ती पडद्याचे चित्र पाहतच नाही. संकेतस्थळाच्या पानामागे जी खुणांनी बांधलेली संहिता असते (हे शीर्षक, हा परिच्छेद, हा दुवा, हा तक्ता) ती संहिता ती वाचते आणि आवाजात किंवा ब्रेलमध्ये उतरवते. वाचक कळफलकावरची एक कळ दाबतो आणि पुढच्या शीर्षकावर उडी मारतो. दुसरी कळ दाबली की पुढच्या दुव्यावर, तिसरी दाबली की तक्त्यावर. शीर्षकांना पातळ्या असतात, त्यामुळे प्रकरणावरून प्रकरणावर, किंवा प्रकरणातल्या पोटविभागांवर, हवे तसे फिरता येते. वेबएम या अमेरिकी संस्थेने २००९ पासून स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांच्या अनेक पाहण्या केल्या आहेत. लांबलचक पानावर हवे ते शोधायचे तर प्रथम शीर्षकांवरूनच फिरतो, असे त्यांतल्या अलीकडच्या पाहण्यांत दोन-तृतीयांशांहून अधिक जणांनी सांगितले.

म्हणजे शीर्षक हे शीर्षक म्हणून नोंदलेले असावे लागते. आपण बहुतेक जण ओळ मोठी आणि ठळक करतो आणि शीर्षक झाले असे मानतो. ते दिसायला शीर्षक असते. स्क्रीन रीडरच्या लेखी ती एक ओळ, इतर ओळींसारखीच. असे पान म्हणजे अनुक्रमणिका नसलेले, प्रकरणांची नावे पुसलेले पुस्तक. ते सबंध ऐकावे लागते. दुव्यांचेही तसेच. पानावरच्या सगळ्या दुव्यांची यादी मागवता येते, आणि सरावलेले वाचक ती वारंवार मागवतात. मग ज्या पानावर दहा वेळा 'येथे टिचकी मारा' असे लिहिले आहे त्याची यादी अशी ऐकू येते: येथे टिचकी मारा, येथे टिचकी मारा, येथे टिचकी मारा. डोळस वाचकाला 'येथे' म्हणजे कोठे हे आजूबाजूच्या वाक्यावरून कळते. यादीत ते वाक्य नसते.

हे सारे ऐकण्याचा वेगही नवख्याला चकित करतो. मंद्रूपच्या त्या विद्यार्थिनीने आपला फोन आम्हांला एकदा ऐकवला तेव्हा पहिले मिनिटभर आम्हांला एक शब्द कळला नाही. बोलण्याच्या दुपटी-तिपटीच्या वेगाने तो आवाज धावत होता, आणि ती मध्येच थांबवून आम्ही गेल्या आठवड्यात पाठवलेल्या टिपणातल्या एका वाक्यावर शंका विचारीत होती. फोनला बटणे नसतात, म्हणून तिथली रीत वेगळी. गुळगुळीत काचेवर बोट फिरवले की बोटाखाली जे आहे त्याचे नाव ऐकू येते. बोट उजवीकडे झटकले की पुढची गोष्ट, डावीकडे झटकले की मागची. दोनदा टिचकी मारली की ती उघडते. ॲपलने २००९ साली आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आणले आणि त्याच वर्षी अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आले. काच हे अंधांना सर्वांत परके साधन ठरेल अशी भीती होती. झाले उलटेच.

ऐकून वाचणे हे आपल्याला परके का वाटावे, हाही एक प्रश्नच आहे. 'वाचणे' या क्रियापदाच्या मुळाशी संस्कृत 'वच्' आहे, बोलणे. 'वाचयति' म्हणजे बोलायला लावतो. लिहिलेल्याला बोलते करणे हा वाचनाचा मूळ अर्थ. मनातल्या मनात वाचणे ही पुष्कळ उशिरा रुळलेली सवय. चौथ्या शतकाच्या अखेरीस बिशप ॲम्ब्रोझ ओठ न हलवता वाचतो याचे ऑगस्टिनला वाटलेले आश्चर्य प्रसिद्धच आहे. आपल्याकडे तर पोथी लावली जाई. 'हरिविजय' आणि 'पांडवप्रताप' लिहिणारे श्रीधर याच सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला तालुक्यातील नाझऱ्याचे. अठराव्या शतकापासून त्यांचे ग्रंथ गावोगाव श्रावणात वाचले गेले, आणि तिथे बसलेल्या शंभरांतल्या एकाच्या हाती पोथी असे, बाकीचे ऐकत. त्या नव्व्याण्णवांत कोणाला दिसते आणि कोणाला नाही याने वाचनात काही फरक पडत नव्हता.

विदर्भातले गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) हे याचे सर्वांत मोठे उदाहरण. नऊ महिन्यांचे असताना दृष्टी गेली. पुढे 'प्रज्ञाचक्षू' म्हणून ओळखल्या गेलेल्या या माणसाने इतरांकडून शास्त्रग्रंथ वाचून घेतले आणि शंभराहून अधिक लहानमोठ्या ग्रंथांची रचना केली. त्यांच्या प्रतिभेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांला येथे त्यांच्या भोवतीच्या वाचून दाखवणाऱ्यांची आठवण होते. अंध वाचकाला ग्रंथ हवा तर माणूस लागे, त्या माणसाला वेळ लागे, आणि त्याची मर्जीही. काय वाचायचे, कोठे थांबायचे, कोणते पान गाळायचे हे वाचून दाखवणाऱ्याच्या हाती. ज्यांना शिष्य लाभले त्यांचे निभावले. इतरांचे काय झाले ते ग्रंथांत नमूद नाही.

माणसावाचून वाचता यावे हा प्रयत्न युरोपात सुरू झाला, आणि त्याची पहिली पायरी चुकली. १७८४ साली पॅरिसमध्ये व्हॅलँतँ आयुई यांनी अंध मुलांसाठी शाळा काढली आणि कागदावर उठावाची अक्षरे छापली. ही अक्षरे नेहमीच्याच रोमन लिपीतली होती. पाहुण्यांना ती वाचता येत, शिक्षकांना तपासता येत, देणगीदारांना दाखवता येत. मुलांच्या बोटांना मात्र ती फार सावकाश कळत, आणि लिहिता तर येतच नसत. त्याच शाळेतल्या लुई ब्रेल या विद्यार्थ्याने १८२४ च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षी, सहा टिंबांची पद्धत सिद्ध केली. १८२९ मध्ये ती छापून प्रसिद्ध झाली. तिचे बीज शार्ल बार्बिए या सैनिकी अधिकाऱ्याच्या टिंबांच्या लिपीत होते. डोळसांना ही लिपी अक्षरासारखी दिसेना. शाळेच्या एका संचालकाने १८४० च्या सुमारास तिला मनाईच केली. १८४४ मध्ये तिचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि १८५४ मध्ये, ब्रेलच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, तिला त्या शाळेत अधिकृत मान्यता मिळाली. अक्षर डोळ्यांना ओळखीचे वाटले की ते सर्वांचे झाले, ही आयुईंची समजूत. ते भले गृहस्थ होते. हीच समजूत पुढे संगणकाच्या पडद्यावर मराठीत पुन्हा भेटते, म्हणून हा तपशील दिला.

मुंबईत १९०० साली, दुष्काळाने निराधार झालेल्या मुलांतून, अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांनी अंध मुलांची शाळा सुरू केली. तीच पुढे दादरची अंधशाळा. १९०२ मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा निघाली, १९३४ मध्ये पुण्याची अंधशाळा. मात्र या काळात हिंदुस्थानात ब्रेल एक नव्हते. मिशनांनी आणि शाळांनी आपापल्या संहिता रचल्या होत्या. एका ठिकाणी शिकलेल्या मुलाला दुसऱ्या ठिकाणचे पुस्तक निरुपयोगी. भारत सरकारने १९४९ मध्ये हा प्रश्न युनेस्कोपुढे नेला आणि १९५१ साली भारती ब्रेल ठरले, सर्व भारतीय भाषांसाठी एक. त्यात 'क' ला इंग्रजी 'के' चीच टिंबे आहेत, 'म' ला 'एम' ची. मराठी 'क', कन्नड 'ಕ' असा भेद बोटाखाली उरत नाही.

भारती ब्रेलमधली एक गोष्ट भाषेच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. 'कविता' हा शब्द घ्या. देवनागरीत डोळ्याला प्रथम 'क' दिसतो, मग वेलांटी, मग 'व'. आपण वेलांटी आधी काढतो आणि उच्चार नंतर करतो. लहानपणी शिकताना अडखळलो असू, आता जाणवत नाही. ब्रेलमध्ये असे होत नाही. तिथे क, व, इ, त, आ अशी पाच घरे एकामागून एक येतात, ज्या क्रमाने तोंडातून ध्वनी निघतो त्याच क्रमाने. वेलांटीला स्वतंत्र रूपही नाही. इकार कोठेही आला तरी त्याची टिंबे तीच. देवनागरीचे दृश्य रूप बाजूला ठेवून तिच्यामागच्या ध्वनिव्यवस्थेलाच भारती ब्रेलने हात घातला. हा क्रम पुढे पुन्हा लागणार आहे.

आता संगणक. त्याचे आरंभीचे पडदे अंध वापरणाऱ्यांना सोयीचे होते, कारण त्यांवर अक्षरांखेरीज काही नसे. कोणत्या ओळीत कोणते अक्षर आहे हे यंत्राच्या स्मृतीत जसेच्या तसे असे. ते उचलायचे आणि आवाजाच्या यंत्राकडे द्यायचे, एवढेच काम. १९८० च्या दशकात आयबीएममध्ये जिम थॅचर यांनी डॉससाठी असा स्क्रीन रीडर तयार केला आणि दशकाच्या अखेरीस टेड हेंटर यांच्या कंपनीने जॉज आणले. हेंटर स्वतः अंध. पूर्वी मोटारसायकलच्या शर्यतींत उतरणारे. मग चित्रांचे, खिडक्यांचे पडदे आले आणि अक्षरे पुन्हा ठिपक्यांत विरघळली. जॉजची विंडोजसाठीची आवृत्ती १९९५ साली आली तोवर अनेक अंध कर्मचाऱ्यांना आपले जमलेले काम सुटते की काय अशी धास्ती होती.

महाजाल त्याच सुमारास पसरत होते, आणि त्याची घडण मुळात अनुकूल होती. टिम बर्नर्स-ली यांची कल्पना चित्राची नव्हती, खुणा केलेल्या मजकुराची होती. तोक्योच्या आयबीएममधील चिएको असाकावा या संशोधिकेने १९९७ साली जपानीत होम पेज रीडर सादर केला. त्यात साधा मजकूर पुरुषाच्या आवाजात आणि दुवे स्त्रीच्या आवाजात ऐकू येत. असाकावा वयाच्या चौदाव्या वर्षापासून अंध आहेत, आणि दुवा हा मजकुरातच असून मजकुराहून वेगळा असतो हे आवाजाने सांगण्याची ही युक्ती आम्हांला फार मार्मिक वाटते. १९९९ मध्ये महाजालाच्या सुगम्यतेचे पहिले नियम ठरले: चित्राला पर्यायी मजकूर द्या, शीर्षकाला शीर्षक म्हणा, भाषा कोणती ते सांगा.

यातले काहीही मराठीला लागू झाले नाही. कारण महाजालावर मराठी अक्षरच नव्हते.

हे विधान अतिशयोक्त वाटेल. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे निघाली होती, परदेशस्थ मराठी मंडळी ती रोज वाचत होती, ठिकठिकाणी दिवाळी अंकही झळकत होते. पण ती मराठी टंकांच्या, म्हणजे फॉण्टच्या, करामतीवर उभी होती. संगणकाला ठाऊक असलेल्या इंग्रजी अक्षरांवर देवनागरीचे मुखवटे चढवलेले असत. कृतिदेव हा एक बराच प्रचलित टंक घेऊ. त्यात 'कविता' हा शब्द उमटवायचा तर यंत्रात साठवली जातात ती अक्षरे अशी: डी, एफ, ओ, आर, के. टंक त्यांच्यावर क, वेलांटी, व, त, काना यांची चित्रे बसवतो. डोळ्याला 'कविता' दिसते. स्क्रीन रीडर मात्र मुखवटा पाहत नाही, आतले पाहतो, आणि इंग्रजी आवाजात म्हणतो: 'डी-फोर्क'. ओळीमागून ओळ, अग्रलेख, परीक्षण, मृत्युलेख, सगळे असेच. शिवाय प्रत्येक टंककाराची मांडणी निराळी, म्हणून एका संकेतस्थळाची किल्ली दुसऱ्याला चालत नसे. पुढे पान उघडताच टंक आपोआप उतरवण्याची सोय झाली आणि डोळस वाचकाची उरलीसुरली तक्रारही मिटली. आत काय आहे हे पाहण्याचे कोणाला कारणच राहिले नाही. आयुईंची उठावाची अक्षरे निदान अक्षरे तरी होती.

खेदाची बाब अशी की उपाय तेव्हा तयार होता. देवनागरीसाठी ध्वनिक्रमावर बेतलेली इस्की ही भारतीय संहिता १९८८ मध्ये होती आणि तिच्याच आधारे १९९१ साली युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली. युनिकोडमध्ये 'कविता' अशी साठवली जाते: क, व, इकार, त, आकार. पाच खुणा, भारती ब्रेलच्याच क्रमाने. वेलांटी 'व' च्या अलीकडे काढायची ही टंकाची जबाबदारी, अक्षराची नव्हे. चाळीस वर्षांच्या अंतराने, एकमेकांशी संबंध नसलेल्या कामांत, बोटांसाठी आणि यंत्रासाठी देवनागरीचा विचार करणारे लोक एकाच जागी पोहोचले. विंडोज २००० मध्ये देवनागरी युनिकोड आणि तिचा मंगल हा टंक आला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. मोठी वृत्तपत्रे मात्र बरीच मागाहून, त्या दशकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर, वळली. मानक आल्यापासून वापर रुळेपर्यंत पंधराएक वर्षे गेली.

या पंधरा वर्षांत काय झाले हे नीट पाहिले पाहिजे. जॉज इंग्रजीत बोलत होते. त्याची किंमत हजार डॉलरच्या आसपास होती. मुंबई-पुण्यातल्या इंग्रजी शिकलेल्या, एखाद्या संस्थेचा संगणक हाताशी असलेल्या अंध तरुणाला न्यूयॉर्कचे वृत्तपत्र वाचता येत होते आणि आपल्या शहराचे मराठी वृत्तपत्र येत नव्हते. मराठी माध्यमातून शिकलेल्या, खेड्यातल्या अंध मुलीला तर दोन्ही नाही. भाषेच्या भवितव्याविषयी त्या काळी परिसंवाद पुष्कळ झाले. इंग्रजीच्या आक्रमणावर बोलताना, एका वाचकवर्गाला आपणच इंग्रजीकडे ढकलत आहोत हे कोणी बोलल्याचे आम्हांला आठवत नाही. आम्हीही त्या परिसंवादांत होतो. (टंकांचा हा फटका डोळसांनाही बसला होता, हे जाता जाता सांगावे: शोधयंत्रालाही मुखवटा दिसत नाही, त्यामुळे 'कविता' शोधणाऱ्याला ती पाने कधी सापडलीच नाहीत. त्या काळातला कितीतरी मजकूर त्यामुळे आज वाचता येत नाही.)

२००६ साली मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लिहायला घेतला आणि तो मोफत ठेवला. डोळस माणसाला संगणकाबरोबर पडदा फुकट मिळतो, तर अंध माणसाने तो वापरण्यासाठी वेगळे पैसे का मोजावेत, असा त्यामागचा साधा विचार. त्याच्याबरोबर येणाऱ्या ईस्पीक या मुक्त आवाजात मराठीही आली. आवाज रोबोसारखा, कोरडा. पण आपल्या भाषेतला. मोफत स्क्रीन रीडर, युनिकोड आणि स्वस्त अँड्रॉइड फोन ही तिन्ही एकत्र आली तेव्हा कोठे मंद्रूपसारख्या गावापर्यंत वाट झाली.

आवाजाचेही प्रश्न आहेत, आणि ते भाषाशास्त्राच्या तासाला मांडण्याजोगे आहेत. 'जग' हा शब्द दोन परींनी उच्चारला जातो: हे विश्व या अर्थी तालव्य, जगण्याच्या आज्ञार्थी दंत्य. लिपी दोन्ही एकच लिहिते. 'च' चेही तसेच. 'चार' आणि 'चोर' यांतले पहिले व्यंजन एक नव्हे. माणूस अर्थावरून ठरवतो, यंत्र अंदाज करते. आणि पानावर भाषेची खूण नसेल तर देवनागरी दिसताच पुष्कळदा हिंदी आवाज पुढे सरसावतो. मग मराठी कविता हिंदी निवेदकाच्या तोंडून ऐकावी लागते. मंद्रूपसारख्या गावात याला आणखी एक पदर आहे. तिथे घरात कन्नड, शाळेत मराठी आणि बाजारात दोन्हींची सरमिसळ हे नेहमीचेच. कान क्षणात एकीतून दुसरीत जातो. यंत्राला मात्र प्रत्येक वळणावर पाटी लागते: येथून कन्नड, येथून मराठी. पाटी नसेल तर ते ओळ गाळते किंवा भलतेच काही बोलते. आयफोनच्या व्हॉइसओव्हरला मराठी आणि कन्नड या दोन्हींचे आवाज २०२२ साली, एकाच वेळी मिळाले. आमच्या विद्यार्थिनीकडे आयफोन नाही. तिने ते एका मैत्रिणीच्या फोनवर ऐकले आणि तिचा अभिप्राय असा की कन्नड आवाज बरा आहे, मराठी बाई मात्र बातम्या दिल्यासारखी ओवी वाचते.

कायद्याने या काळात बरीच मजल मारली. २०१२ च्या दुरुस्तीने भारतीय प्रताधिकार कायद्यात, अपंग व्यक्तींसाठी पुस्तक सुगम्य रूपात आणण्याला सूट मिळाली. त्याआधी लेखक-प्रकाशकाची परवानगी नसेल तर संस्थेने पुस्तक ब्रेलमध्ये उतरवणेही अडचणीचे होते. २०१३ च्या मराकेश करारावर मान्यतेची मोहोर उठवणारा भारत हा २०१४ मध्ये पहिला देश ठरला. २०१६ साली सुगम्य पुस्तकालय हे महाजालावरील ग्रंथालय सुरू झाले आणि त्याच वर्षी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदाही झाला. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, प्रज्ञा प्रसून आणि अमर जैन यांच्या याचिकांवर निर्णय देताना, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग आहे असे म्हटले. अमर जैन हे स्वतः अंध वकील. बँकेत ओळख पटवताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावण्याची अट असे. आम्लहल्ल्यात डोळे गमावलेल्या किंवा जन्मापासून अंध असलेल्या माणसाने ती कशी पाळावी, या प्रश्नातून तो खटला उभा राहिला होता.

हे सगळे असताना मराठी वाङ्मयाचा अभ्यासक अंध वाचकाला काय देतो? गेल्या वीस वर्षांत आपल्याकडे जुनी पुस्तके आणि नियतकालिके स्कॅन करण्याचे मोठे काम झाले. ते फार मोलाचे आहे, आणि करणाऱ्यांविषयी आम्हांला आदर आहे. परंतु पानाचे छायाचित्र म्हणजे ग्रंथ जतन झाला असे आपण मानून बसलो. दुर्मीळ अंकाची पाने एकमेकांना पाठवताना आम्हांला धन्यता वाटते. ती पाने ज्याला ऐकायची आहेत त्याच्या हाती कोरे कागद पडतात. वर्गातल्या टिपणांचे तर बोलायलाच नको. फळ्याचा फोटो, वहीच्या पानाचा फोटो, प्रश्नपत्रिकेचा फोटो. छायाचित्रातून अक्षरे ओळखणाऱ्या प्रणाली आता मराठीलाही उपलब्ध आहेत आणि नव्या छपाईवर त्या बऱ्या चालतात. जुन्या खिळ्यांपुढे त्या अडखळतात, जोडाक्षरांत चुकतात, 'ळ' चा 'ल' करतात. त्यांच्या हातून निघालेला मजकूर कोणीतरी मुद्रितशोधकाच्या नजरेने वाचावा लागतो, आणि ते काम भाषेच्या माणसाचेच आहे; तंत्रज्ञाचे नव्हे.

तो चाळीस पानांचा लेख आम्ही अशा प्रणालीतून काढला. आमच्यापैकी तिघांनी पाने वाटून घेतली आणि मूळ प्रत शेजारी ठेवून तपासली. आठ दिवस लागले. शीर्षकांना शीर्षके केले, मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवली, पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिचा फोन. लेख वाचून झाला होता. लेखकाच्या मुख्य प्रतिपादनाशी ती सहमत नव्हती, त्यावर अर्धा तास बोलणे झाले. मग म्हणाली, "सर, बाविसाव्या पानावर एक ओळ दोनदा आलीय. आणि तळटिपा सगळ्या मजकुराच्या मध्येच घुसल्यात. वाक्य चालू असताना एकदम 'पाहा, पृष्ठ अमुक' असं येतं." आम्ही तिघांनी ती पाने डोळ्यांनी दोनदा तपासली होती. पानाच्या तळाशी रेघ पाहिली की नजर आपोआप तिथून उचलली जाते; तिचा आवाज उचलला गेला नाही, तो सरळ रेघेखालचेही वाचत गेला. तळटिपा शेवटी नेल्या, प्रत्येकीला जायचा आणि परतायचा दुवा दिला.

तिने आता दुसरा लेख मागितला आहे. तो साठ पानांचा आहे. त्यात मोडीतल्या पत्रांचे दोन उतारे ठशांच्या रूपात छापलेले आहेत, आणि मोडीत शब्दही तोडलेले नसतात, म्हणून ते दोन आम्ही हाताने उतरवीत आहोत.